करप्यावरची ‘सेंद्रिय’ बाटली: बटाटा लावणाऱ्यांनो, सावध राहा

बटाटा लावणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, कारण हीच फसवणूक आणखी कुणाची तरी चालू असणार. ‘लवकर येणारा करपा असो की उशिरा येणारा, औषध एकच, पूर्ण सेंद्रिय, रासायनिक फवारणी लागणारच नाही,’ असं सांगत एक विक्रेता थेट शेतावर आला. (करपा म्हणजे बटाट्याची पानं डाग पडून करपवणारा रोग.) बाटलीवर सक्रिय घटक नाही, त्याचं प्रमाण नाही, नोंदणी क्रमांक नाही. ‘वनस्पतिजन्य अर्क’ आणि ‘१०० टक्के हमी’ एवढंच. घटक विचारला तर म्हणाला, “फॉर्म्युला चोरतात हो लोक, म्हणून छापत नाही.”

सगळी मेख पुढे आहे. पहिली फवारणी त्याने स्वतः उभं राहून करून घेतली. पानांवर तेव्हा मोजकेच डाग होते. मग आभाळ मोकळं झालं, ऊन पडलं आणि डाग वाढायचे थांबले. त्याने फोटो काढले आणि तेच दाखवून आजूबाजूच्यांच्याही गळ्यात बाटल्या मारल्या. उशिरा येणारा करपा कोरड्या हवेत तसाही थबकतो. त्याला गारवा आणि पानांवर बराच वेळ टिकणारी ओल लागते. रोग अडवला उन्हाने, पैसे घेतले या माणसाने!

धुकं परतलं आणि पितळ उघडं पडलं. सकाळी पान उलटून पाहिलं, तर पाण्याने भिजल्यासारख्या काळपट डागाच्या कडेने बारीक पांढरी लव. फोन केला तर उत्तर आलं, “डोस वाढवा.” वाढवला. बघता बघता पाला काळा पडला, कुजका वास बांधापर्यंत यायला लागला, आणि त्याचा फोन लागेनासा झाला. बटाटे कापले तर सालीखाली तांबूस-तपकिरी कूज.

माझा राग सेंद्रिय उपायांवर नाही. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी बेण्याला किंवा मातीत दिली, तर रायझोक्टोनियासारख्या जमिनीतल्या रोगकारक बुरशीवर तिचा उपयोग होतो. पानांवर भडकलेला करपा मात्र तिने विझत नाही. बोर्डो मिश्रण १८८५ च्या सुमारापासून वापरात आहे. १ टक्का द्रावणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. स्वच्छ लोखंडी विळा त्यात बुडवून पाहावा. तांबडा थर चढला तर चुना कमी पडलाय. पण हेही रोग येण्याआधीचं संरक्षण आहे, मेलेलं पान ते हिरवं करत नाही.

रासायनिक औषधांच्या नावाखालीही असंच खपवतात. मॅन्कोझेब स्पर्शजन्य आहे, ते पानात शिरत नाही, म्हणून ते रोगाची लागण होण्याआधीच फवारायचं. लागण नुकतीच दिसू लागली असेल तर सायमोक्झॅनिल किंवा डायमेथोमॉर्फ असलेली मिश्रणं उपयोगी पडतात. मेटालॅक्झिलला उशिरा येणाऱ्या करप्याच्या जंतूचे बरेच प्रकार आता दाद देत नाहीत, त्यामुळे तेच ते पुन्हा पुन्हा मारू नये. आणि या करप्यावर नुसतं कार्बेन्डाझिम कुणी देत असेल, तर तिथून सरळ उठावं. हा करपा आणणारी फायटोफ्थोरा ही खरी बुरशी नाही, त्यामुळे ते औषध तिच्यावर चालतच नाही. लवकर येणाऱ्या करप्याचे तपकिरी डाग एकात एक वर्तुळांचे असतात आणि तो अल्टरनेरिया या खऱ्या बुरशीमुळे येतो. दोन्हींवर ‘हमखास’ चालणारं बिननावाचं औषध विकणाऱ्याला आधी हा फरक विचारा. आमच्याकडे आलेल्याने तो प्रश्न हसण्यावारी नेला होता.

बॅच क्रमांक असलेलं पक्कं बिल घ्या आणि एक बाटली सीलबंद ठेवा, तपासणीला तीच लागते. या माणसाने साध्या कागदावर रक्कम लिहून दिली होती आणि बाटल्या सगळ्या फोडलेल्या होत्या. त्यामुळे आमची तक्रार पुढे सरकलीच नाही.