लाइटच्या दुकानातला फुकटचा प्लॅन: कुठे चालतो, कुठे फसतो

फिटिंगची खरेदी आमच्याकडेच करा, लायटिंगचा प्लॅन फुकट देतो, ही सोय आता म्हापशापासून मडगावापर्यंतच्या लाइटच्या दुकानांत मिळते. घराचा नकाशा द्यायचा, दोन-चार दिवसांत छतावर गोल गोल टिंबं काढलेला कागद हातात येतो. पांढऱ्या भिंतींच्या, सपाट स्लॅबच्या पणजीतल्या फ्लॅटसाठी तो बऱ्यापैकी चालतो. कौलारू घर, उघड्या चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत किंवा तांबडी जमीन असेल, तर तो प्लॅन नव्हे, खरेदीची यादी समजा. कारण त्यात फक्त छत मोजलेलं असतं. ओटा, पुस्तक, आरसा, देवघर, म्हणजे उजेड जिथे पडायला हवा त्या जागा, कागदावर नसतातच.

आकड्यांनीच पाहू. १२ बाय १५ फुटांचा हॉल म्हणजे सुमारे १६.७ चौरस मीटर. दर चार फुटांवर एक, या दुकानी हिशेबाने तिथे ३ बाय ४, असे छतात बसवायचे १२ डाउनलाइट बसतात. १२ वॅटचा बरा दिवा १०८० लुमेन, म्हणजे एकूण उजेड, देतो. त्यातलं निम्म्याच्या आसपास खाली कामी येतं, बाकी भिंती, छत, धूळ आणि दिव्याचं वय खातं. तरीही ३७० लक्सच्या (दर चौरस मीटरला पडणारे लुमेन) वर उजेड पडतो. बैठकीच्या खोलीला १५० लक्स पुष्कळ. तेवढ्याला असले पाच दिवे पुरतात. भिंत चिऱ्याची आणि जमीन तांबड्या ऑक्साइडची असेल तर परावर्तन घटतं, तेव्हा सात-आठ लागतील. बाराचं गणित कुठेच बसत नाही. उरलेल्या चार-पाच दिव्यांचे पैसे फिरवता येणाऱ्या स्पॉटवर, भिंतीवरच्या ब्रॅकेटवर आणि वाचायच्या दिव्यावर घाला.

पंख्याकडेही प्लॅनचं लक्ष नसतं. ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट फिरतं. डाउनलाइट त्याच्या वर, जवळ आला की पात्यांची सावली पडते आणि खोलीभर उजेड थरथरतो. पंख्याच्या हुकापासून दिवा निदान तीन फूट लांब हवा, रुंद किरणाचा असेल तर त्याहून जास्त.

स्वयंपाकघरात प्लॅन हमखास चुकतो. दिवे खोलीच्या मधोमध येतात, माणूस ओट्याकडे तोंड करून उभा राहतो आणि स्वतःच्याच सावलीत मासळी साफ करतो. ओटा दोन फूट खोल असतो, तेव्हा छतातल्या दिव्यांची रांग भिंतीपासून साधारण दोन फुटांवर, ओट्याच्या कडेवर घ्यायची. वरच्या कपाटांखाली पट्टी लावायची तर ती कपाटाच्या पुढच्या कडेला. मागे भिंतीला चिकटवली की टाइल उजळते आणि पाटा-सुरी अंधारात राहते. उजेडाचा रंग ४००० केल्विन (आकडा लहान तितका पिवळसर, मोठा तितका पांढरा), सीआरआय, म्हणजे रंग खरे दिसण्याचा गुण, ९०. ताज्या बांगड्याचा रंग आणि शिळ्याचा रंग कमी सीआरआयच्या उजेडात सारखाच दिसतो. हॉल, झोपायची खोली आणि देवघर यांना ३००० किंवा २७०० घ्या. एकाच खोलीत दोन रंग मिसळू नका. ६५०० चा पांढराफटक दिवा तर घरात मागूच नका, दुकानदार 'जास्त उजेड' म्हणून देईल.

चवथीच्या हॉलबद्दल प्लॅन काढणारा कधी विचारत नाही, आपणच सांगायला हवं. मूर्तीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे फळं-भाज्या बांधलेली लाकडी चौकट, टांगली जाते. नेमका तिच्या वर डाउनलाइट आला तर फळं-भाज्या उजळतात आणि त्यांची सावली गणपतीच्या चेहऱ्यावर पडते. दहा फूट उंच छत असेल तर मूर्तीपासून पाच-सहा फूट पुढे, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे २४ अंश रुंद किरणाचे, फिरवता येणारे स्पॉट ठेवा. किरण माटोळीच्या चौकटीखालून तिरका जातो. या दोन दिव्यांना वेगळा स्विच हवा. माटोळीचे हुक फॉल्स सिलिंगला नव्हे, स्लॅबला किंवा तुळईला लागतील, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

जुन्या घरात मंगलोरी कौलांखाली फॉल्स सिलिंग मारून डाउनलाइट बसवायचा सल्ला मिळाला, तर तो सरळ नाकारा. गळती आणि वाळवी दोन्ही झाकली जातात, आणि कळतं तेव्हा रिपा बदलायची वेळ आलेली असते. तुळईवर वरच्या दिशेने दिवे लावणं दिसायला छान, पण काळं लाकूड आणि तांबडं कौल उजेड गिळतात. तिथे चुन्याची पांढरी भिंतच दिवा म्हणून वापरायची. भिंतीच्या माथ्यावर वॉलवॉशर, म्हणजे भिंतभर उजेड पसरवणारा दिवा, लावा, उजेड भिंतीवरून खोलीत येऊ द्या. चिरा ओल धरतो, म्हणून त्यात खाच पाडून वायर नेली असेल तर पाइप सलग असावा आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असावी. पावसात ती पडू लागली की तिला बगल देऊ नका, ओलावा कुठे शिरतो ते शोधा.

कोव्हची, म्हणजे छताच्या कडेच्या खोबणीत लपवलेली एलईडी पट्टी हा या प्लॅनमधला सगळ्यात महागडा भाग, आणि सगळ्यात हलगर्जीने काढलेला. आधीच्या १२ बाय १५ च्या हॉलचा घेर ५४ फूट, म्हणजे साडेसोळा मीटर. १४.४ वॅट प्रति मीटरची पट्टी लावली तर जवळजवळ २४० वॅट जळतात. कोव्हला ९.६ वॅटची पुरे. १२ व्होल्टची पट्टी पाच मीटरच्या टोकाला मंद पडते, म्हणून २४ व्होल्टचीच मागा आणि पाच मीटरपुढे दुसऱ्या बाजूने पुन्हा फीड द्या. ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारा डबा) भाराच्या निदान सव्वापट: ७२ वॅटच्या पट्टीला १०० वॅटचा. पट्टी अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्येच बसवा, नाहीतर तापून लवकर मरते. छतापासून ती सहा इंच खाली हवी. दोन इंचांवर ठेवली तर छतावर एकच झगझगीत रेघ उठते आणि खोली अंधारीच राहते.

किनाऱ्याजवळच्या घरात फिटिंगचा जीव दिव्यात नसतो, स्प्रिंगमध्ये असतो. खारी हवा साध्या पोलादी स्प्रिंगा गंजवते आणि डाउनलाइट वायरीला लोंबकळू लागतो. डायकास्ट अॅल्युमिनियमचं अंग आणि स्टेनलेस स्प्रिंग मागा. बाल्कांवाला, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्याला, आयपी ६५ (पाणी-धूळ अडवण्याचा दर्जा), बाथरूमला आयपी ४४. पहिल्या पावसात उघड्या तोंडाचे सीओबी (एका चिपचे एलईडी) दिवे उडत्या किड्यांनी भरतात, म्हणून बाहेर काच किंवा डिफ्यूझर असलेले घ्या, तेही २७०० केल्विनचे. निळसर उजेडावर किडे जास्त येतात.

बिलाआधी तीन गोष्टी तपासा. ड्रायव्हरवर बीआयएसचा आर क्रमांक (नोंदणीचा क्रमांक) आणि सर्जची, म्हणजे विजेचा अचानक उसळलेला दाब सोसायची, क्षमता छापलेली आहे का. मेन बोर्डात सर्जरोधक बसवलाच पाहिजे, विजा कडाडल्या की आधी ड्रायव्हर जातात. इंडिकेटर असलेल्या स्विचवर एलईडी बंद असूनही मंद तेवतात, त्यामुळे त्या जागी साधा स्विच. आणि प्रत्येक ड्रायव्हरपर्यंत हात पोचेल अशी जागा, नाहीतर तीनशे रुपयांच्या ड्रायव्हरसाठी जिप्सम कापावं लागेल. प्लॅनच्या कागदावर प्रत्येक टिंबापुढे वॅट, लुमेन, केल्विन, किरणाचा कोन आणि कटआउटचं (छतातल्या भोकाचं) मिलिमीटरमधलं माप लिहून मागा. कटआउट न लिहिता सुताराने भोकं पाडली आणि नंतर ब्रँड बदलला, तर ७५ च्या भोकात ९० चा दिवा बसत नाही, आणि ९० च्या भोकात ७५ चा राहत नाही.