आर्किटेक्चर थीसिसचे सस्टेनेबिलिटी गोल्स ठरवायला ‘एज’ ॲप वापरलं, 5 पैकी 4 स्टार

माझ्या ड्रॉइंग शीटवर हिरव्या अक्षरात मोठ्ठं ‘नेट झिरो’ (म्हणजे बिल्डिंग जेवढं वापरते तेवढं स्वतःच भरून काढते) लिहिलेलं होतं आणि ज्युरीत एका सरांनी फक्त एवढंच विचारलं की कशात झिरो, विजेत की पाण्यात, आणि आत्ता किती आहे? मी गप्प. प्रोजेक्ट मुंबईतल्या चाळीच्या रीडेव्हलपमेंटचा, तळ अधिक 3 मजले, 30 घरं, आणि माझ्याकडे आकडा एकही नाही.

मग एका सीनियरने एज सांगितलं. वर्ल्ड बँक ग्रुपमधल्या आयएफसी (इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशन) या संस्थेचं आहे, ब्राउझरमध्ये चालतं, वापरायला फुकट (सर्टिफिकेट हवं असेल तर पैसे, पण आपल्याला कशाला हवंय). बिल्डिंगचा प्रकार, शहर, एरिया टाकला की तिथली नेहमीची बिल्डिंग किती खाते ते दाखवतं, मग आपण एकेक उपाय टिक करत जायचं आणि टक्के हलताना बघायचे. वीज, पाणी आणि मटेरियल, तिन्हीत किमान 20 टक्के बचत ही त्यांची पास व्हायची लाईन. मी तेच तीन गोल्स घेतले, झिरोबिरो सगळं पुसलं.

पाण्याचं तर मी कागदावरपण करून बघितलं. 150 माणसं, दरडोई 135 लिटर, म्हणजे रोजचे 20,250 लिटर. माझी गच्ची 400 चौरस मीटर, पाऊस वर्षाला 2,200 मिमी धरला आणि 80 टक्के हाती लागला तरी साधारण 7 लाख लिटर, म्हणजे जेमतेम 35 दिवसांचं पाणी, तेही सगळं चार महिन्यांत पडणार आणि एवढी टाकी ठेवायची कुठे? त्यापेक्षा कमी फ्लोचे नळ आणि ड्युअल फ्लश टिक केले तर टक्के पटापट वर गेले, शीटवर दिसायला बोअर आहे पण खरं आहे.

एका गोष्टीने आधी डोकं फिरलं. डिझाइनमध्ये एसी नसला तरी हे ॲप थंडाव्यासाठी लागणारी ‘व्हर्च्युअल’ वीज हिशोबात धरतं. म्हटलं फॅनवर राहणाऱ्या लोकांवर हा काय अन्याय! मग आमच्याच बिल्डिंगकडे मागून बघितलं, ड्रॉइंगमध्ये एकही एसी नव्हता आणि आता प्रत्येक मजल्यावर डबे लोंबतायत. पटलं.

एक स्टार कापला तो खिडक्यांवरून. खिडकी लहान केली की विजेचा आकडा सुधारतो, त्यामुळे नुसते टक्के बघत बसलात तर घराची कोठी होईल. म्हणून सोबत इको निवास संहिता (घरांसाठीचा केंद्र सरकारचा वीजबचतीचा कोड) उघडून ठेवा, ती पण फुकट. उष्ण-दमट हवामानात खिडक्या-दारांचा उघडणारा भाग कार्पेट एरियाच्या 16.66 टक्के हवा, म्हणजे 30 चौरस मीटरच्या घराला 5 चौरस मीटर. आणि दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी त्यात अर्धीच मोजतात, म्हणजे 10 चौरस मीटरची खिडकी लावावी लागेल!! केसमेंटचं (बिजागरीवर दारासारखी उघडणारी खिडकी) 90 टक्के धरतात. मी सगळीकडे स्लायडिंग टाकलेली होती कारण सगळेच टाकतात.

आणि गॅलरीला यात कुठेच मार्क नाहीत हे धरून चला. पापड वाळत घालणं, पोरं सांभाळणं, भांडणं, चाळीचं सगळं आयुष्य तिथेच असतं, तो गोल तुमचा तुम्हालाच लिहावा लागेल.

मुळात थीसिसच्या सुरुवातीलाच वापरा, प्लॅन फिक्स झाल्यावर नाही. मी उशिरा केलं त्यामुळे आता 30 घरांच्या खिडक्या केसमेंट करतेय, केसमेंट म्हणजे पावसात पल्ला भिजणार म्हणून छज्जे वाढवतेय, छज्जे वाढले म्हणून सेक्शन (बिल्डिंगचं उभं कापलेलं ड्रॉइंग) परत काढतेय, आणि सबमिशन सोमवारी आहे.