जेनेरिक औषधांवर अकरा महिने: सिडकोतल्या एका घराचा हिशेब

गेल्या श्रावणापासून आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, बीपी-शुगरची औषधं आम्ही जेनेरिकची, म्हणजे कंपनीच्या ब्रँडऐवजी मूळ औषधाच्या नावाने मिळणारी, आणतो. आता आषाढ लागला. अकरा महिने कमी नाहीत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही आणि फार्मसीही शिकलेली नाही. घरखर्च माझ्या हातात असतो, तेवढ्यावरून सांगते.

आम्ही नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळ राहतो. यांची रिक्षा आहे, मी घरी ब्लाऊज शिवते आणि फॉल-पिको करते. आप्पांची सगळी नोकरी सातपूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे गेली, त्यामुळे पेन्शन नाही. शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल मिळून दिवसाला पाच गोळ्या. मेडिकलचं महिन्याचं बिल साधारण १,६५० रुपये व्हायचं. पण पूर्ण महिन्याचं औषध आम्ही कधी एकदम आणलंच नाही. भाडं चांगलं झालं त्या दिवशी दहा गोळ्या, नाही झालं तर चार.

चार गोळ्या घेतल्या की दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो. औषधाचं नाव आणि एक्स्पायरी बहुतेक पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते, आणि ते टोक दुकानातच राहतं. आमच्या स्टीलच्या डब्यात नाव नसलेले चंदेरी तुकडे पडलेले असायचे. आप्पा रंगावरून ओळखायचे. एकदा दोन पांढऱ्या गोळ्यांत गोंधळ झाला, बीपीची दोनदा गेली आणि शुगरची राहिली. दिवसभर त्यांना उठलं की गरगरत होतं. नंतर आणखी एक गोष्ट कळली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते एक दिवसाआड गोळी घ्यायचे आणि आम्हाला सांगायचे नाहीत. उरलेल्या गोळ्या मोजताना माझ्या लक्षात आलं तेव्हा मला रडूच आलं. आमचा खर्च वाचावा म्हणून ते असं करत होते.

लोक म्हणतात, सरकारी योजना आहे ना? आहे, आणि ती खरंच उपयोगी पडते. माझ्या थोरल्या दिरांची अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली. आरोग्यमित्राने, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाने, रेशनकार्ड-आधार बघितलं, कागद पुढे गेले, ऑपरेशनचा एक रुपया लागला नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली हीच योजना, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते. पण ती ॲडमिट झालेल्या माणसासाठी आहे. डिस्चार्जनंतर थोडे दिवस गेले की रोजच्या गोळ्यांचं तुमचं तुम्ही बघायचं. दिरांना रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. ती मनाने थांबवली तर स्टेंटमध्ये, म्हणजे हृदयाच्या नसेत बसवलेल्या जाळीच्या नळीत, गुठळी होऊ शकते. त्या गोळ्यांसाठीच मी बचत गटातून ५,००० उचलले होते, महिना दोन टक्क्यांनी. आप्पांसारखा माणूस तर ॲडमिट होतच नाही, रोज पाच गोळ्या घेतो. त्याचा खर्च या योजनेत बसत नाही.

वर्षभराच्या खर्चाकडे बघून मी क्लिनिकच्या डॉक्टरांना सरळ विचारलं, जेनेरिक चालेल का? ते म्हणाले चालेल, आणि कागदावर कंपनीच्या नावाऐवजी कंटेंट, म्हणजे गोळीतल्या मूळ औषधाचं नाव, लिहून दिला. एवढ्यानेच निम्मं काम झालं. सगळे डॉक्टर असं लिहून देत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जेनेरिक नावच लिहायचा नियम काढला होता, तो त्याच महिन्यात स्थगित झाला. त्यामुळे आपणच विचारायला लागतं. मी टेलमिसार्टन, मेटफॉर्मिन वगैरे नावं मिलिग्रॅमसकट मराठीत कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली आहेत, म्हणजे मुलगाही जाऊन आणू शकतो.

इथे एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. सुरुवातीला मी 'जेनेरिक' अशी मोठी पाटी असलेल्या एका खासगी दुकानातून औषध घेतलं. पट्टीवर छापील किंमत ९८, मला ५५ ला दिली. मला वाटलं, मोठी सवलत मिळाली. नंतर जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात, तोच कंटेंट, तेवढ्याच ताकदीचा, त्याच्या निम्म्यापेक्षा कमी किमतीत मिळाला, आणि तीच किंमत पट्टीवर छापलेली होती. काही औषधांवर किंमतच जास्त छापतात आणि मग सवलत दाखवतात. म्हणून 'किती टक्के सूट' हे बघू नका, शेवटी हातातून किती पैसे गेले ते बघा. जनऔषधी योजना २००८ पासून आहे. तिथल्या पाकिटावर कंटेंटचंच नाव असतं आणि बॅच तपासल्यावरच माल बाहेर पडतो. मुलीसाठी पाळीचे 'सुविधा' पॅडही मी तिथूनच आणते, एका पॅडला १ रुपया.

आता आमचा महिन्याचा खर्च ४२० ते ४५० रुपये येतो.

औषध लागू पडतं का, ही आप्पांची मुख्य शंका होती. "सूनबाई, गोळी गुलाबीची पांढरी झाली, आता गुण काय येणार?" मी म्हटलं, "आप्पा, तीन महिने घ्या, मग रिपोर्टच सांगेल." आधी एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, ८.१ होतं, तीन महिन्यांनी ७.६ आलं. हे गोळी बदलल्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. मला वाटतं, गोळी रोज पोटात जायला लागली म्हणून झालं.

अडचणीही आहेत. दोन औषधं एकत्र असलेली गोळी जवळच्या दुकानात कधी असते, कधी नसते. जनऔषधीच्या ॲपवर किंमत आणि केंद्राचा पत्ता कळतो, पण आज माल आहे का ते मी फोन करूनच विचारते. यांना नाशिकरोडचं भाडं मिळालं की तिकडून आणतात. गोळ्या संपायच्या दहा दिवस आधीच आम्ही शोध सुरू करतो. आणि घरात कुणाला फिट्सची किंवा थायरॉइडची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नका.

देशाचा आरोग्य खर्चाचा सरकारी हिशेब आहे. त्यात २०१३-१४ साली एकूण खर्चातला ६४.२ टक्के भाग लोकांच्या खिशातून गेला होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्के झाला. आमच्या घरात जे काही कमी झालं ते औषधाच्या दुकानात झालं. बाकीचं अजून खिशातूनच जातं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत आहे, केसपेपरचेही पैसे नाहीत, पण रांगेत दिवस जातो आणि त्या दिवशी रिक्षा उभी राहते. शुगर असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासायचा असतो, तो आप्पांचा राहिलाय. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर त्यांना एकटं परत येता येणार नाही, म्हणजे हे सोबत जाणार. त्या एका दिवसाच्या भाड्याचे पैसे मी या महिन्यापासून वेगळे काढून ठेवतेय.