किल्लारीची खडक-सहल: चार तारे, पाचवा माईकवाल्यानं घालवला

उमरग्यात अठरा वर्षं घरबांधणीची ठेकेदारी करतोय. लातूरहून निघणाऱ्या या एका दिवसाच्या सहलीचे माणशी साडेसहाशे रुपये भरले ते भिंतीच्या नादानं. जाहिरातीत होतं, 'भूकंपात घर का पडतं, हातानं हलवून बघा.' सोबत सासरे, आबा. 1993 च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला, तोवर त्यांचं घर जवळच्या सास्तूरला होतं.

खरोशाची लेणी उगाच लांबवली. जांभ्या दगडात कोरलेली आहेत आणि जांभा म्हणजे आपला काळा दगडच ऊन-पावसानं कुजून झालेला, एवढं सांगितलं की झालं. दीड तास कशाला? धपाटे मात्र गरम होते, शेंगाची चटणी आणि दही पोटभर.

किल्लारीला भूकंपशास्त्राच्या मॅडम आल्या आणि सहलीत जीव आला. बांधावर उभं राहून त्यांनी आधी आबांनाच विचारलं, "कसा आवाज आला होता?" आबा म्हणाले, "ट्रकभर दगड खाली केल्यावानी." मग त्यांनी फोटो दाखवले. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं इथं 617 मीटर खोल भोक पाडलं होतं. वरचे 338 मीटर निव्वळ काळा दगड, मग जेमतेम आठ मीटर जुना गाळ आणि त्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक. आपली सगळी जमीन उत्तरेकडं सरकत हिमालयाला रेटतेय आणि तो ताण खालच्या जुन्या खडकाच्या कच्च्या जागी येतो, असं त्या म्हणाल्या. मला लगेच पटलं. काल टाकलेला स्लॅब आणि आज टाकलेला स्लॅब जिथं जुळतो, भेग तिथंच जाते.

30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेला हा धक्का 6.2 चा होता. जगातल्या मोठ्या भूकंपांपुढं हा आकडा लहानच. तरी जवळपास दहा हजार माणसं का गेली? एक कारण, तो उथळ होता. दुसरं, गणपती बोळवून आलेली गावं गाढ झोपेत होती. तिसरं त्यांनी टेबलावर दाखवलं.

चार बेअरिंगवर एक फळी, तिला दोरी. फळीवर वीतभर उंचीची दोन घरं. दोन्ही मातीत रचलेल्या खड्यांची. बाहेर एक थर, आत एक थर, मधे भुगा. वर चिखलाचं माळवद, म्हणजे सपाट छप्पर. एका घराच्या दारावरून चारी भिंतींना तारेचा पट्टा फिरवलेला होता. दोरी मी ओढली. पहिल्या घराच्या भिंतीचे दोन्ही थर पुस्तक उघडावं तसे बाजूला झाले आणि माळवद आत बसलं. पट्ट्याचं घर तडकलं, पण उभं राहिलं. असले पट्टे मी रोज टाकतो, पण पोरं त्यात सळई वाचवायला बघतात.

आबा बराच वेळ त्या चिखलाकडं बघत होते. म्हणाले, "दर मिरगाच्या आधी वर पांढरी माती आमीच चढवायचो. गळू नये म्हणून."

"आणि जुनी काढायचे?"

"न्हाई, बाई. वरच टाकायची."

"वर्षाला किती?"

"वीस-पंचवीस पाट्या."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मग दोघांनी मिळून आबांच्या आजोबांपासून चढत गेलेल्या मातीच्या ओझ्याचा हिशेब मांडला. बाकीचे चहाला गेले तरी दोघांचं चालूच होतं.

नंतर त्यांनी जपानच्या अवाजी बेटाचं सांगितलं. 1995 च्या कोबे भूकंपात जमीन जिथं फाटली, ती भेग तिथल्या लोकांनी छप्पर घालून जपलीय. आपल्या रानातली भेग नांगराखाली गेली. असल्या खुणा जपणारं भू-उद्यान म्हणजे कुंपण घातलेली बाग नव्हे. लोक तिथंच राहतात, शेती करतात आणि खडकांची गोष्ट स्वतःच पाहुण्यांना सांगतात. युनेस्कोचा शिक्का मिळाला तरी दर चार वर्षांनी पुन्हा तपासणी. ही अट आमच्याकडच्या पुलांनाही लावा. भारतात युनेस्कोच्या शिक्क्याचं असं एकही नाही. किल्लारीत झालं तर वाटाड्या म्हणून आबा आजच तयार आहेत, मानधन विचारून झालंय.

आता पाचव्या ताऱ्याचं. स्मृतिस्तंभापाशी आयोजकांचा माईकवाला ओरडला, "फोटोसाठी दहा मिनिटं!" आबा चप्पल काढत होते, तसेच थांबले. वर त्यानं मोठा भूकंप येणार असल्याची मोबाइलवरची तारीखही ठोकून दिली. 21 मार्च 2024 ला हिंगोलीकडं 4.5 चा धक्का बसला, तेव्हा असल्याच निरोपांनी आमची गल्ली रात्रभर बाहेर झोपली होती. मॅडमनी माईक काढून घेतला. तारीख-वेळ आधी कुणालाच सांगता येत नाही, म्हणाल्या, आणि राष्ट्रीय भूकंप विज्ञान केंद्राचं 'भूकंप' (BhooKamp) अ‍ॅप सगळ्यांच्या मोबाइलवर घ्यायला लावलं. देशाच्या जुन्या भूकंप-नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होती, 2002 च्या नकाशात ती तिसऱ्यात आली, हेही तेव्हाच कळलं. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना अजून माहीत नाही.

वाटेत बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, हे आयोजकांनी आधी सांगायला हवं होतं. लेकरं न्या, त्यांना फळी ओढू द्या. म्हाताऱ्यांसाठी खुर्ची मागून घ्या, देतात. गाडी सातची म्हणतात, आठ धरून चला.