इच्छा-आनंदाच्या इंग्रजी शब्दांची वंशावळ: 'एटिमऑनलाइन' या कोशाविषयी

'ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी', म्हणजे वापरणाऱ्यांच्या तोंडी असलेले 'एटिमऑनलाइन', हा इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा मोफत कोश आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातले डग्लस हार्पर यांनी तो बव्हंशी एकहाती उभा केला असून त्यात ५०,०००हून अधिक शब्दांचा इतिहास नोंदलेला आहे. एवढ्या मोठ्या कोशाचे परीक्षण सरसकट करता येत नाही. शब्दांचे एखादे कुळ निवडून त्यातल्या नोंदी एकामागून एक उघडून पाहाव्या लागतात. मी इच्छा आणि उपभोग यांचे शब्द निवडले, कारण मनाच्या व्यापारांचे शब्द शतकानुशतके अर्थ बदलत राहतात आणि त्यांच्याभोवती ऐकीव कथाही पुष्कळ साचतात. व्युत्पत्ती सांगताना कोशकार कुठे थांबतो यावर त्याचा भरवसा ठरतो, असे मला वाटते.

या दृष्टीने 'डिझायर' हा कसोटीचा शब्द आहे. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मागे 'देसिदेरारे' हे लॅटिन क्रियापद आहे, इथपर्यंत वाद नाही. पुढे 'सिदुस', म्हणजे तारा, या शब्दाशी त्याचे नाते जोडून 'तारे जे पदरात टाकतील त्याची वाट पाहणे' असा मूळ अर्थ सांगितला जातो. ही कल्पना इतकी मोहक आहे की अनेक लोकप्रिय लेखांत ती सिद्ध झालेली गोष्ट म्हणून वावरते. एटिमऑनलाइनवर मात्र तिच्याआधी 'कदाचित' आहे, आणि हा एक शब्द मला कोशाच्या प्रामाणिकपणाची खूण वाटतो. प्रत्येक नोंदीत दिलेल्या सनाबाबतही हाच संयम दिसतो. ते सन म्हणजे शब्दाचा जन्म नसून त्याचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना लेखी पुरावा होय, आणि साधारण १७००च्या आधीचे सन ढोबळच धरावेत, असे कोशाने आपल्या प्रास्ताविकातच सांगून ठेवले आहे.

'वॉन्ट'ची नोंद या साऱ्या कुळात मला सर्वांत मोलाची वाटते. हा शब्द जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या प्राचीन, भाषेतला. तिथे त्याचा अर्थ 'कमी असणे, उणीव भासणे' असा होता, आणि १२००च्या सुमारास इंग्रजीत तो याच अर्थाने रुळला. 'हवे असणे' हा आज आपल्याला एकमेव वाटणारा अर्थ लेखी पुराव्यात थेट १७०६च्या आसपास दिसू लागतो. ही माहिती केवळ कुतूहलाची नाही. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये तेविसाव्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत 'वॉन्ट' हे क्रियापद आहे. तिथे भक्त 'मला काही नको' असे म्हणत नसून 'मला काही उणे पडणार नाही' असे म्हणतो. शेक्सपिअरच्या काळातले गद्य किंवा पद्य मराठीत आणणाऱ्याने ही नोंद वाचली नसेल, तर एखाद्या पात्राच्या अंगी धैर्य नाही असे म्हटलेले असताना त्याला धैर्य हवे आहे, असे भाषांतर होऊन बसते.

त्याच नोंदीतून धातूच्या पानावर गेले की संस्कृत 'ऊन' भेटतो. हा तोच शब्द, ज्यातून आपले 'उणे', 'उणीव' आणि 'उणेदुणे' आले, आणि जो 'एकोणीस' या आकड्यात 'एक उणे वीस' म्हणून दडून बसलेला आहे. पाढे म्हणणारे मराठी मूल एकोणतीस, एकोणचाळीस म्हणताना इंग्रजी 'वॉन्ट'च्या एका दूरच्या भावंडाचाच उच्चार करत असते. इच्छेचा पाया उणिवेत आहे हे तत्त्वज्ञांनी पुष्कळ वेळा सांगितले आहे. इथे ते एका साध्या क्रियापदाच्या इतिहासात दिसते.

धातूंची ही स्वतंत्र पाने म्हणजे या कोशाचा खरा ठेवा. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांची पूर्वज मानल्या जाणाऱ्या इंडो-युरोपीय मूळ भाषेचे एकही लिखित अक्षर उपलब्ध नसल्याने तिचे धातू वंशज भाषांची तुलना करून सिद्ध केलेले असतात आणि म्हणून तारकाचिन्हासह दिले जातात. 'विश' या शब्दावरून 'वेन्' धातूच्या पानावर जावे. 'इच्छिणे, मिळवण्यासाठी झटणे' असा त्याचा अर्थ. त्याच्या वंशात व्हीनस ही देवता आहे, 'विन' म्हणजे जिंकणे आहे, आणि बाळाला दुधावरून अन्नाची सवय लावण्याचे 'वीन' हे क्रियापदही आहे. शिकारीच्या अर्थाने आलेला 'व्हेनिसन', म्हणजे हरणाचे मांस, तिथे आहे, तसेच 'व्हेनम'ही आहे. या विषाचा मूळ अर्थ बहुधा प्रेम जडावे म्हणून पाजायचे पेय असा होता. याच धातूच्या वंशात संस्कृत 'वन्' आणि 'वांछा' यांची घराणीही आहेत. पसायदानात ज्ञानदेवांनी प्राणिजातासाठी जे मागितले त्यातले 'वांछील' हे क्रियापद आणि इंग्रजी 'विश' एकाच मुळाशी जातात, हे कळल्यावर मला मनापासून आनंद झाला.

'लव्ह'च्या बाबतीतही तेच. त्याच्या धातूतून लॅटिनमध्ये 'लिबिदो', म्हणजे वासना, आणि संस्कृतात 'लुभ्यति' आले. म्हणजे पत्राच्या शेवटी आपण 'लोभ असावा' असे लिहितो तेव्हा हीच शब्दसोयरीक सांभाळत असतो. मराठीने 'लोभ' या एकाच शब्दात हाव आणि माया दोन्ही टिकवल्या, आणि कोणता अर्थ घ्यायचा हे वाक्यावर सोपवले. 'लस्ट'चा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. जुन्या इंग्रजीत तो आवड, आनंद, ओढ अशा निर्मळ अर्थांनीही वापरला जाई आणि जर्मनमध्ये तो अजूनही तसा वापरला जातो. पण बायबलच्या भाषांतरांत देहवासनेसाठी त्याची योजना झाली आणि इंग्रजीत तो कायमचा बदनाम झाला. संस्कृतातली 'लालसा' आणि 'विलास' ही त्याच गोतावळ्यातली मंडळी. 'क्युपिड' या रोमन प्रेमदेवतेच्या नावामागचे 'इच्छिणे' या अर्थाचे लॅटिन क्रियापद संस्कृत 'कुप्यति'शी, म्हणजे आपल्या 'कोपा'शी, जोडले जाते. मूळ अर्थ उसळणे, थरथरणे. रोममध्ये उसळली ती इच्छा, आपल्याकडे उसळला तो राग.

आनंदाच्या शब्दांकडे वळल्यावर नोंदींचा पोत थोडा बदलतो. 'एन्जॉय' आणि 'जॉय' हे लॅटिन 'गाउदेरे', म्हणजे आनंदणे, यापासून फ्रेंचमार्गे आलेले सरळ शब्द आहेत आणि त्यांच्या नोंदी लवकर वाचून होतात. 'डिलाइट' मोह घालण्याच्या लॅटिन क्रियापदापासून आला. त्याच्या स्पेलिंगमध्ये घुसलेले मूक 'जी' आणि 'एच' सोळाव्या शतकात 'लाइट', 'फ्लाइट' यांच्या नादाने आले, प्रकाशाशी त्याचा काही संबंध नाही. 'फन'चा आधीचा अर्थ फसवणूक हा होता, करमणूक हा अर्थ १७२७च्या सुमाराचा. १७५५च्या आपल्या कोशात सॅम्युएल जॉन्सन यांनी त्याला हलक्या बोलीतला शब्द ठरवले होते. कोणाची टर उडवण्यासाठी इंग्रजीत आजही 'मेक फन' म्हणतात, त्यात तो जुना अर्थ शाबूत आहे.

जिभेच्या वाटेने आलेले आनंदशब्द मला अधिक आवडले. 'रेलिश' मुळात 'मागे उरलेले', म्हणजे घास गिळल्यावर जिभेवर रेंगाळणारी चव. 'झेस्ट' ही संत्र्या-लिंबाची साल. पदार्थाला लज्जत आणणारी ती साल अठराव्या शतकाच्या अखेरीस जगण्यातली असोशी झाली. 'स्वीट', 'हिडोनिझम' म्हणजे सुखवाद, आणि 'पर्स्वेड' म्हणजे मन वळवणे, हे तीन शब्द आणि संस्कृत 'स्वादु' एकाच धातूचे आहेत, आणि गोड बोलून गळी उतरवणे हा आपला वाक्प्रचार 'पर्स्वेड'चा मूळ अर्थ जसा सांगतो तसा एखादी व्याख्या सांगू शकणार नाही. 'गस्टो', म्हणजे चवीने घेतलेला आनंद, ज्या धातूचा आहे, त्याच धातूचा इंग्रजी 'चूज' आणि संस्कृत 'जुष्ट', म्हणजे आवडलेला. फारसीत त्यातून 'दोस्त' निघाला, आणि मराठीत तो आज घरचाच झाला आहे. आपली 'मजा'सुद्धा फारसीत मूळची चवच.

आता उणिवांविषयी. संस्कृत शब्द रोमन लिपीत आणि बहुधा ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणांवाचून दिलेले असतात. 'ऊन' आणि 'उन' यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याचे संस्कृत कच्चे आहे त्याची फसगत होऊ शकते. अर्थांतराचे टप्पे सन देऊन सांगितले जातात, पण प्रत्येक टप्प्याचे मूळ अवतरण मिळेलच असे नाही. ते हवे असेल तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाकडे जावे लागते आणि त्यासाठी वर्गणी भरावी लागते. शिवाय हा कोश इंग्रजीचा असल्यामुळे वंशावळ साधारणपणे संस्कृतापाशी थांबते. पुढचा मराठीपर्यंतचा दुवा वाचकाने स्वतः जोडायचा असतो, आणि तिथेच घाईने नाती जोडण्याचा मोह होतो. केवळ नादसाम्यावरून दोन शब्द एकाच घरचे ठरवू नयेत. धातूच्या पानावर दोन्ही नावे एकत्र दिसत नसतील तर आपला तर्क बाजूला ठेवावा.

म्हणून मराठी वाचकाने एटिमऑनलाइन एकटे वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश विनामूल्य खुला आहे. संस्कृत शब्द शीर्षस्थानी घेऊन त्याची मराठी, गुजराती, बंगालीतली रूपे तो देतो, त्यामुळे जिथे हार्पर थांबतात तिथून टर्नर हात धरतात. त्याच ठिकाणी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही आहे. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६चा; तो ग्रंथालयात बसून पाहावा. इंग्रजीचे शिक्षक, भाषांतरकार आणि शब्दांवर जीव असलेले विद्यार्थी यांनी मोबाइलवर एटिमऑनलाइनचे ॲप घ्यावे आणि 'वॉन्ट'पासून सुरुवात करावी; त्यानंतर 'विश', मग 'लव्ह', आणि प्रत्येक वेळी धातूच्या पानापर्यंत जाऊनच परतावे. मराठी शब्दांसाठी असाच मोफत, एका शब्दावरून दुसऱ्यावर नेणारा आणि 'कदाचित' म्हणण्याचे धैर्य असलेला कोश आपल्या विद्यापीठांनी हाती घ्यावा, ही माझी कळकळीची मागणी आहे.