बॅटलस्टार गॅलॅक्टिका : फळ्यावरचा आकडा आणि शेवटचा भाग

(मालिका पाहायची असेल तर आधी पाहून या. खाली शेवट सांगितला आहे.)

मी बावीस वर्षं प्रसूती वॉर्डात नर्स आहे. ड्यूटी बदलली की आमचं पहिलं काम म्हणजे फळा. किती बाया, किती बाळं. त्यामुळे 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेचा '३३' हा भाग पाहिला आणि त्याच रात्री मी तिच्यात अडकले. माणसांनीच घडवलेल्या सायलॉन यंत्रांनी माणसांच्या बाराही वसाहती बेचिराख केल्यात. वाचलेल्यांचा अंतराळजहाजांचा ताफा पळतोय आणि दर ३३ मिनिटांनी सायलॉन त्याला गाठतायत. १३० तासांहून जास्त वेळ कुणी झोपलेलं नाही. डोळे तारवटलेत, सगळे एकमेकांवर खेकसतायत. सलग नाइट केलेल्या कुणालाही ही माणसं ओळखीची वाटतील. राष्ट्राध्यक्ष लॉरा रॉझलिनच्या फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा आहे, ४७,९७२. भागाच्या शेवटी तिला कळतं, एका जहाजावर बाळ झालंय, मुलगा. ती उठते, शेवटचा दोन पुसते आणि तीन लिहिते.

२००३ ते २००९ या काळातल्या या मालिकेचं पुढचं सगळं मी त्या आकड्यापायी पाहिलं. एडवर्ड जेम्स ओल्मोसचा ॲडमा, म्हणजे गॅलॅक्टिका या युद्धजहाजाचा प्रमुख, कमी बोलतो, पण जहाजावरच्या एकेका पोराची काळजी त्याच्या चेहऱ्यावर दिसते. मेरी मॅकडॉनलची लॉरा मूळची शिक्षणमंत्री. वरचे सगळे मेले म्हणून सत्ता तिच्याकडे आली, आणि त्याच दिवशी तिला स्तनाच्या कर्करोगाचं निदान सांगितलेलं. केमो घेताना तिचा थकवा मालिकेने लपवला नाही, याबद्दल मी निर्मात्यांची ऋणी आहे.

आता शेवट. सुरुवातीच्या पाट्यांमध्ये कितीतरी भाग आपल्याला सांगितलं गेलं की सायलॉनांकडे एक बेत आहे. तो बेत काय, हे मालिका कधीच नीट सांगत नाही. मालिकेचे कर्ते रोनाल्ड मूर यांनी नंतर मोकळेपणाने कबूल केलंय की माणसांच्या रूपात लपलेले शेवटचे पाच सायलॉन कोण, हे आधीपासून ठरलेलं नव्हतं. ते जाणवतं. वैमानिक कारा थ्रेस तिसऱ्या सीझनमध्ये मरते, परत येते, पुढे तिला स्वतःचंच जळालेलं प्रेत सापडतं. मी तासन्‌तास डोकं खपवलं. शेवटी ॲडमाच्या मुलाशी, लीशी, बोलता बोलता ती माळरानावर दिसेनाशी होते, बस्स. जर्मन मालिका 'डार्क'मध्येही ३३चाच खेळ आहे, तिथे ३३ वर्षांचा. पण तीन सीझन, २६ भागांत गाठ सुटते, कारण ती विचार करून मारलेली होती.

तरी काराचं मी सोडून देईन. मला सोडवत नाही ते वेगळंच. हिरव्यागार पृथ्वीवर पोचल्यावर ली सुचवतो की सगळं सोडून नव्याने सुरुवात करू, आणि ४० हजारांच्या आतली ती माणसं कबूल होतात. जहाजं सूर्यात सोडून देतात. मी पडद्याकडे पाहत विचारत होते, पहिली बाळंतीण अडली तर? डॉक्टर कॉटलचा दवाखाना कुठे? रक्तस्राव सुरू झाला तर हातात काय आहे? जिने फळ्यावर एकेक जीव मोजायला शिकवलं, त्याच मालिकेत हा प्रश्न कुणीच विचारत नाही. शिवाय १,५०,००० वर्षांनंतरच्या न्यूयॉर्कमध्ये बातमी येते की आपल्या सगळ्यांच्या आदिमातेचे अवशेष सापडले, आणि ती तरुण बाई होती. म्हणजे हेरा, माणूस आणि सायलॉन यांची मुलगी, जिला वाचवायला शेवटची लढाई झाली, ती तरुणपणीच गेली. कशाने गेली असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या पृथ्वीशी कथा जोडायची म्हणून हे केलं, समजतं. पटत नाही.

आणि याच भागात दोन प्रसंग असे आहेत की मी ते पुन्हापुन्हा लावते. आयुष्यभर आपला शेतकरी बाप आणि गावाकडची बोली लपवणारा शास्त्रज्ञ बाल्टर शेवटी म्हणतो, मला शेतीतलं कळतं, आणि रडू लागतो. दुसरा लॉराचा. ॲडमा तिला छोट्या विमानातून खालचे प्राण्यांचे कळप दाखवतोय. बोलता बोलता त्याला कळतं की ती गेली. तो स्वतःची अंगठी काढून तिच्या बोटात घालतो. माणसं जाताना मी पाहिली आहेत. हे खरं आहे.

पाचपैकी चार तारे. २००३चा दोन भागांचा आरंभ मात्र वगळू नका, त्याशिवाय '३३' कळणार नाही. आणि शेवटच्या भागात ॲडमा टेकडीवर लॉराच्या दगडी थडग्याशेजारी बसून तिच्याशी बोलतो, तिथे थांबवा. पुढची १,५०,००० वर्षांची पाटी मी आता लावत नाही.