अभ्यासगटाचे मानद समन्वयकपद : दोन वर्षांच्या अनुभवावरून परीक्षण

शून्य ते सहा वर्षे वयाच्या, विकासात मागे पडलेल्या मुलांसोबत काम करणाऱ्यांचा आमच्या जिल्ह्यात एक अभ्यासगट आहे. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक, दोन-तीन बालरोगतज्ज्ञ आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांतील काही डॉक्टर असे पस्तीसेक जण त्यात आहेत. सभासदत्वाला पैसे पडत नाहीत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी सभा होते आणि एरवीचे बोलणे व्हॉट्सॲपवर चालते. गटाचे समन्वयकपद दर दोन वर्षांनी कोणीतरी स्वखुशीने घ्यायचे असते. ते मी घेतले आणि गेल्या महिन्यात पुढच्या व्यक्तीकडे सोपवले. असे पद घ्यावे का, किंवा अशा गटात यावे का, या विचारात असणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

पद घेताना माझी समजूत अशी होती की, समन्वयक म्हणजे चांगले वक्ते शोधून आणणारी व्यक्ती. पहिल्या वर्षी मी तेच केले. मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञांची ऑनलाइन व्याख्याने ठेवली. ती उत्तम होती, आणि तरीही उपस्थिती दर महिन्याला घटत गेली, कारण तसे व्याख्यान कोणालाही घरबसल्या इतरत्र ऐकता येते. शिवाय भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्यांना नूतनीकरणासाठी सीआरई, म्हणजे पुनर्वसन विषयातील निरंतर शिक्षणाचे, गुण लागतात आणि आमच्या सभेला ते मिळत नाहीत. नव्या सभासदाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. केवळ गुणांसाठी येणाऱ्याने या गटात शनिवार घालवू नये, असे मी स्पष्ट सांगत असे.

गटाचे खरे मोल कळले ते दुसऱ्या वर्षी, आम्ही व्याख्याने कमी करून केस-चर्चा सुरू केल्यावर. एका सभेला आम्ही जवळच्या बीटमधील, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांतील, सेविकांना बोलावले होते. मुलाचा विकास वयाप्रमाणे होतो आहे का, हे पाहण्याचा त्रिवेंद्रमच्या बालविकास केंद्राचा तक्ता त्यांना दाखवायचा होता. त्यात 17 कृती आडव्या पट्ट्यांनी मांडलेल्या असतात आणि खाली वय महिन्यांत दिलेले असते. मुलाच्या वयावर पेन्सिल उभी ठेवायची, आणि पेन्सिलीच्या डावीकडे पूर्ण संपलेल्या पट्टीवरची एखादी कृती मूल करत नसेल तर त्याला पुढे तपासणीसाठी पाठवायचे, इतके ते सोपे आहे. एका सेविकेने पेन्सिल हातात घेतली आणि विचारले, “मॅडम, माझ्याकडचं बाळ आठ महिन्यांचं आहे, पण सातव्या महिन्यातच झालंय. मग पेन्सिल कुठं ठेवायची?” बाळ 32 आठवड्यांचे असताना जन्मले होते, म्हणजे दोन महिने आधी. पेन्सिल आठावर ठेवली तर ते मागे दिसत होते. ती सहावर सरकवली, तर तक्त्याप्रमाणे काळजीचे कारण उरत नव्हते. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. तेवढ्यात, आईच्या परवानगीने सेविकेने आणलेला मोबाइलवरचा व्हिडिओ पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टने तो पुन्हा लावायला सांगितला. बाळ खुळखुळा दर वेळी उजव्याच हाताने घेत होते आणि त्याची डावी मूठ शेवटपर्यंत उघडली नाही. इतक्या लहान वयात एकच हात वापरणे ही चांगली सवय नव्हे, ती तपासण्याची गोष्ट आहे. रेफरल झालाच, फक्त वेगळ्या कारणाने. ही अर्ध्या तासाची चर्चा मला पहिल्या वर्षीच्या साऱ्या व्याख्यानांहून मोलाची वाटते, आणि ती सेविकेच्या प्रश्नामुळे झाली, हेही नोंदवले पाहिजे.

फेब्रुवारी 2013 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पथकांनी अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा तपासणी करावी, आणि ज्यांच्यात काही आढळेल अशी मुले जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, बोलीत डीईआयसीत, पाठवावीत, अशी ही रचना आहे. निरनिराळे तज्ज्ञ एका छताखाली आणण्याची कल्पना निर्विवाद चांगली आहे. परंतु कंत्राटी पदावरचा माणूस गेला, की त्याच्या डोक्यातली मुलांची माहितीही त्याच्याबरोबर जाते. पाठवलेले मूल पोचले का, पोचले तर पुढे काय झाले, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. श्रवणाच्या बाबतीत तर एक-तीन-सहा हा हिशेब सर्वांना पाठ असतो : पहिल्या महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत उपचाराला सुरुवात. प्रत्यक्षात चाचणीत नापास झालेले बाळ पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहण्यातच मोठे होते. आमच्या गटाने यावर मोठे काही केले नाही. एक साधी चिठ्ठी तयार केली. वरचा भाग पाठवणाऱ्याने भरायचा, खालचा तपासणाऱ्याने, आणि खालच्या भागाचा फोटो पालकांच्या संमतीने थेट पाठवणाऱ्याला जायचा. चिठ्ठी परत आली नाही, की समन्वयकाने फोन करायचा. दोन वर्षांत मी सर्वांत जास्त काय केले असेल, तर हे फोन.

आता उणिवांकडे वळते. समन्वयकाला जबाबदारी असते, अधिकार मात्र कसलाही नसतो. आठवड्याचे पाच-सहा तास सहज जातात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाहीत. एका संस्थेने कबूल केलेले सभागृह सभेच्या सकाळी नाकारले, तेव्हा आम्ही वीस जण एका सभासदाच्या क्लिनिकमध्ये थेरपीच्या गाद्यांवर बसलो, दोघे तर बोल्स्टरवर, म्हणजे थेरपीच्या लोडांवर. खेळण्यांचे संच विकणाऱ्या एका विक्रेत्याने जेवणासह सभा प्रायोजित करण्याची तयारी दाखवली. ती नाकारल्याबद्दल काही सभासद आजही माझ्यावर नाराज आहेत. बालरोगतज्ज्ञ क्वचितच येतात, आणि आले तर मधेच उठून जातात. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागाची गर्दी पाहता त्यांना दोष देणे कठीण आहे, पण पहिली शंका पालक त्यांच्याकडेच बोलून दाखवतात, म्हणून ही उणीव मोठी आहे.

व्हॉट्सॲप गट ही या सेवेतील सर्वांत कच्ची बाजू. सुप्रभात संदेशांचा त्रास सोसता येतो. पण एकदा एका सभासदाने सल्ला विचारताना मुलाचा चेहरा आणि नाव दिसणारा केसपेपर तसाच टाकला. मी तो काढला, फोन केला, आणि मग चेहरा, नाव व गाव झाकल्याशिवाय काहीही टाकायचे नाही असा नियम केला. हा नियम पहिल्या दिवशीच करायला हवा होता. ती चूक माझी.

दुसरी चूक म्हणजे मी एकटीने सारे ओढले. पद घेणाऱ्याने जोडीदार घ्यावा, शक्यतो एक शासकीय सेवेतील आणि एक खासगी, कारण दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांविषयी असलेले गैरसमज एकट्या माणसाकडून दूर होत नाहीत. माझ्या घरी दुसरा शनिवार हा शब्दच कुचेष्टेचा झाला होता, हेही सांगून ठेवते.

एवढे असूनही मी हे पद घ्यावे असेच सांगेन, फक्त दोन वर्षांहून जास्त नाही, आणि आपल्या सरावाची पाच-सात वर्षे झाल्यावरच. त्याआधी फोन उचलले जात नाहीत. सभासद होण्यासाठी मात्र अनुभवाची अट नको. नुकताच कोर्स संपवून तालुक्याच्या गावी एकट्याने काम करणाऱ्यांना या गटाचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

चिठ्ठ्यांची वही मी नव्या समन्वयकांच्या हाती दिली, तेव्हा त्यात अकरा चिठ्ठ्या परत यायच्या होत्या. पुढच्या सभेचा विषय आहे गिळण्याच्या अडचणी असलेल्या बाळांना भरवणे. हे काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचे की वाचा-उपचारतज्ज्ञाचे, यावर गटात जुना वाद आहे, आणि दोन्ही बाजूंनी वक्ता म्हणून आपापले नाव वहीत आधीच लिहून ठेवले आहे.